रुमालाखालचा भाव

एसटीची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच असते, ते मला कुणी सांगायची गरज नाही. सोळा वर्षं दिग्रसच्या गाड्यांवर वाहक म्हणून काढलीत. लुगड्यातल्या म्हाताऱ्या, दिवस भरलेल्या बाया, गुडघे गेलेले मास्तर, सगळ्यांना काखेत हात घालून मी वर ओढलेलं आहे. "ठेवा पाय, बिनधास्त ठेवा, मी हाय ना," असं म्हणायचं, माणूस आत आला की घंटी दोनदा वाजवायची आणि गाडी निघाली. गाडीत माझं तोंड फार चालतं, हे यवतमाळ ते पुसद सगळ्यांना ठाऊक आहे. पण चढणाऱ्याला हात द्यायला मी कधी चुकले नाही. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. आणि याच हातानं मी माझ्या बहिणीचं घर विकायला निघाले होते.

आम्ही बंजारा, आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात आणि मोठ्या बहिणीला बाई. बाई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. दोन वर्षांची असताना पोलिओनं तिचा डावा पाय अधू केला. चालताना ती डावा तळहात मांडीवर दाबते, पाय पुढे टाकते, पुन्हा दाबते. तेवढ्यानं त्या तळहाताला घट्टा पडलाय, आमच्या काकाच्या हाताला बैलांच्या कासऱ्यानं पडलाय तसाच. तांड्यावरून दिग्रसच्या शाळेत तिला बा सायकलवर न्यायचा. बा म्हणजे आमचा बाप. पुढे यवतमाळला कॉलेजात गेली तेव्हा एसटी आली, आणि एसटीबरोबर ती पायरी आली. रोज कुणीतरी नवा माणूस तिला उचलून वर घ्यायचा. जागेवर बसली की बाई त्याला "मेहरबानी, भाऊ" म्हणायची. तीन वर्षं, जाताना एकदा आणि येताना एकदा. मी तेव्हा शाळेत होते, मला ते फार गोड वाटायचं. लोक किती चांगले आहेत, असं वाटायचं. लोक चांगलेच होते.

पुढे तिला नागपूरला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायची नोकरी लागली. आधी बायकांच्या होस्टेलात राहिली, रोज ऑटोनं ये-जा. मग मेट्रो सुरू झाली आणि एक दिवस तिचा फोन आला. स्टेशनाजवळ एक खोली, हॉल आणि किचन असं घर आहे, बिल्डिंगला लिफ्ट आहे, घ्यायचं आहे. बानं त्याच आठवड्यात आपल्या जमिनीतला दीड एकराचा तुकडा विकायला काढला. तांड्यात कुजबुज झाली. पोरीले वावरातला हिस्सा, आन् तोही जिता असताना? काका तर तोंडावर बोलला. काका म्हणजे बाचा धाकटा भाऊ. जन्मभर बैलबाजार केलेला माणूस, त्याच्या शब्दाला वजन. बा मात्र मला घेऊन घर पाहायला नागपूरला निघाला.

त्या दिवसाची आठवण आली की आता माझीच मला लाज वाटते. दलाल आम्हाला घर दाखवत होता. हातात त्याचा छापील कागद, त्यावर लाल अक्षरात "मेट्रो स्टेशन फक्त तीन मिनिटांवर". मी भिंतींवर टकटक केली, नळ सोडून पाहिले, गॅलरी मोजली. अंगण नाही, तुळशीला जागा नाही, आणि भाव ऐकून तर माझं डोकंच फिरलं. एवढ्यात दिग्रसमध्ये दोन मजली घर झालं असतं. मागे वळून पाहते तर बा नाही, बाई नाही. दोघं कुठं गेली म्हणून मी तणतणत खाली उतरले, तर बा स्टेशनाच्या जिन्यापाशी उभा. मान वर करून पाहतोय.

"बा, घर पाह्याले आलो का गाडी पाह्याले?"

"थांब जरा," तो म्हणाला. "पोरगी एक टेशन जाऊन वापस येते म्हणे. येऊ दे."

तब्बल पाऊण तास आम्ही तिथं उभे होतो. बाई लिफ्टनं खाली आली, मांडीवर हात दाबत आमच्याकडे आली आणि हसली. बानं एवढंच विचारलं, "कोनी होतं संगं?" ती म्हणाली, "कोनी नाही." बा म्हणाला, "मंग घेऊन टाक." वरच्या घरात त्यानं पुन्हा पाऊलसुद्धा टाकलं नाही. परतीच्या गाडीत मी यवतमाळ येईपर्यंत बडबडत होते की असं कुणी घर घेतं का, ना नळ पाहिला, ना भिंत. बा खिडकीशी झोपून गेला. खरेदीनंतर चार महिन्यांनी तो गेला, त्यामुळे त्या पाऊण तासात त्यानं काय पाहिलं, ते विचारायचं राहूनच गेलं. खरं सांगायचं तर विचारावंसं मला वाटलंच नव्हतं.

वर्षभरानं लॉकडाऊन लागलं. मेट्रो बंद, एसटी बंद. मी घरी, तिकिटाचं मशीन आगारात. बाई तिच्या घरात एकटी, लॅबचे रिपोर्ट घरूनच टाइप करायची. दूधवाला, भाजीवाला गेटच्या आत येत नव्हता. ती मांडीवर हात दाबत खाली पोचेपर्यंत तो निघून गेलेला असायचा. ती कधी तक्रार करत नाही, पण एकदा फोनवर म्हणाली की सहा दिवस झाले, वरण-भातच चाललाय. मी तिथल्या तिथं ठरवलं. काकाकडे पिकअप होती, पास काढला आणि आम्ही तिला दिग्रसला घेऊन आलो. मी दिग्रसमध्ये छोटं घर बांधलंय, याडी माझ्याकडेच असते. बाईला दारात पाहून याडी रडली, हसली, पुन्हा रडली.

आणि मग आम्ही सगळ्यांनी तिच्यावर इतकी माया केली की विचारू नका. आमचं अंगण फरशीचे तुकडे बसवलेलं, वर-खाली. मोरीला दोन पायऱ्या, संडासाला तीन. बाई उठायला लागली की मी धावायची. मी नसले तर याडी, याडी नसली तर शेजारीण. "बस, बस, कायले उठतं, मी हाय ना!" पाणी हातात, ताट हातात. मोरीपर्यंत काखेत हात घालून मी तिला न्यायची, आणि आत बसली की बाहेर उभी राहून झालं का, झालं का विचारायची. ती दरवेळी म्हणायची, "मेहरबानी, वं." मी म्हणायची, घरात कसली आली मेहरबानी? दुसऱ्या महिन्यात ती पाणी कमी प्यायला लागली. याडीच्या ते ध्यानात आलं, तिला वाटलं उन्हाळ्यानं भूक-तहान गेली. मलाही तसंच वाटलं. सोळा वर्षं माणसं चढवण्या-उतरवण्यात गेली, आणि घरातल्या माणसाकडे पाहायला मला डोळे नव्हते.

त्याच दिवसांत घरांचे भाव उलटेपालटे होत होते. पुण्या-मुंबईहून परतलेली पोरं घरी लॅपटॉप उघडून बसली होती. आमच्या मागच्या ले-आउटमध्ये जिथं शेळ्या चरायच्या, त्या प्लॉटचा भाव विचारायला मास्क लावलेली माणसं येऊ लागली. सगळ्यांना अंगण हवं होतं, स्वतःचा जिना हवा होता, शेजारी जरा लांबच बरा. आणि नागपूरला उलट. मी एकदा सहज त्या दलालाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, आता टेशनजवळचं घर म्हणजे गर्दीजवळचं घर. लिफ्टचं बटन दाबाले लोक भेतात. तुम्ही घेतल्या भावात चार लाख कमी धरा, आन् तरी गिऱ्हाईक भेटन याची गॅरंटी नाही." त्याचा नवा छापील कागद मी नंतर मोबाइलवर पाहिला. लाल अक्षरात आता "मोकळी हवा, स्वतंत्र गेट" होतं. स्टेशनाचं नाव खाली बारीक अक्षरात गेलेलं.

बाचा दीड एकर त्या भिंतींमध्ये होता आणि तो रोज थोडा थोडा विरघळतोय, असं मला वाटायचं. काका येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला तेही मला पटलं. "जनावराचा भाव बसला की त्याले दुसऱ्या दिवशी बाजारात न्यायचं नसते. पन खाली पडून राह्यला भाव, तं वाट तरी किती पाहाची? इकून टाक. मागच्या ले-आउटात प्लॉट घेऊ, खाली एक खोली बांधू तिच्यासाठी. तुया डोयासमोर राहीन." मी बाईला सांगितलं. ती तुरीची डाळ निवडत होती. म्हणाली, "पाहू." तिचं 'पाहू' म्हणजे हो, असं मी धरून चालले. घरातल्या धाकटीला असं धरून चालायची फार सवय असते.

गिऱ्हाईक काकानंच शोधलं. दिग्रसचा एक कापसाचा व्यापारी, शांत माणूस, त्याचा मुलगा नागपूरला कॉलेजात जाणार होता. त्यानं स्पष्टच सांगितलं, "पाहा बुवा, मेट्रो बंद हाय म्हनून हे घर मले परवडून राह्यलं. उद्या गाडी चालू झाली का मंग कोन देते?" मी मनात म्हटलं, बरा गाठ पडला, बंद गाडीवर पैसे लावतोय. त्याच्या या एका वाक्यात सगळी गोष्ट होती. ती मला ऐकूच आली नाही.

सौदा आमच्या अंगणात ठरला. काकाला कागदावरचा भाव कधी रुचला नाही, तो बाजारात करतो तसाच सौदा करणार होता. बैलबाजारात भाव मोठ्यानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली बोटं धरून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच, पुन्हा धरला की दहा. वरून कुणाला काही कळत नाही, आणि रुमालाखाली झालेलं दोघांनी पुढे कुठं बोलायचं नाही. आमच्या घरात आणखी एक रीत. दलाली कुणीही करो, शेवटचा हात मालकाचा. मालक आपल्या माणसाच्या हातात आपला आकडा देतो, तो जुळला तरच कासरा सुटतो.

मास्क लावून दोघं बाजेवर बसले. काकानं आधी व्यापाऱ्याच्या हातावर सॅनिटायझर ओतलं, मग स्वतःच्या, मग रुमालावरही शिंपडलं. याडीला हसू आवरेना. जगभर माणूस माणसाला शिवत नव्हता आणि आमच्या अंगणात दोन म्हातारे रुमालाखाली हात धरून बसले होते. चार-पाच वेळा रुमाल हलला. व्यापाऱ्यानं मान हलवली, काकानं "च्यक्" केलं, पुन्हा हलला. शेवटी काकाचे डोळे हसले. जमलं होतं.

"ये पोरी," काका बाईला म्हणाला, "तुया हात दे."

मी तिला उठवायला काखेत हात घातला. ती बाजेच्या कडेला बसली आणि डावा हात, घट्ट्याचा हात, रुमालाखाली घातला.

एका आकड्याला किती वेळ लागावा? आम्ही पाहत होतो. रुमाल हलत राहिला. काका आधी हसत होता, मग त्यानं भुवया आवळल्या, मग खाली रुमालाकडे पाहिलं. मग कुठंच पाहिना. बराच वेळ गेला. काकानं हळूच हात काढून घेतला, रुमाल झटकला, चार घड्या केल्या आणि खांद्यावर टाकला. व्यापाऱ्याला म्हणाला, "माफी करजा, शेठ. माल इकाऊ नाही."

व्यापारी भला माणूस. चहा पिऊन गेला.

माझं मात्र तोंड सुटलं. काकाला विचारलं काय सांगितलं हिनं, तर तो म्हणे रुमालाखालचं बोलत नसतात. मग मी बाईकडे वळले. काय काय बोलले ते सगळं आठवतं आणि लिहवत नाही. बाचं वावर घालवलंस, भाव अजून पडणार, मेट्रो कधी चालू होईल देव जाणे, त्या पिंजऱ्यात जाऊन बसशील. आणि शेवटी ते बोलले, जे बोलायला नको होतं.

"तिथं तुले उचलाले कोन हाय?"

बाई माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. मला वाटतं, इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदा मला नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

"कोनीच नाही," ती म्हणाली. "तिथं मले कोनी उचलत नाही, वं."

याडीनं तोंडाला पदर लावला. मी घरात गेले आणि भांडी घासत बसले, घासलेलीच. बा स्टेशनाखाली मान वर करून काय पाहत होता, ते तेव्हा मला कळलं. त्यानं घर पाहिलंच होतं. त्याच्या पोरीला कुणाच्या हाताशिवाय जाता-येता येतं का, एवढीच भिंत त्याला ठोकून पाहायची होती. आणि आम्ही पाच महिने तिला एवढं उचललं, एवढं उचललं, की तिचे पायच काढून घेतले. मायेनं केलं म्हणून काय झालं? तिला पाणी कमी प्यावं लागत होतं आमच्या घरात. मला रडू आलं, आणि नळ चालू होता म्हणून बरं झालं.

पुढे मेट्रो सुरू झाल्याची बातमी आली. बाईनं त्याच दिवशी बॅग भरली. मी सोबत निघाले. याडीनं ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ आणि लोणच्याची बरणी असं एक पोतंच बांधून दिलं, ते माझ्या डोक्यावर. नागपूरच्या बसस्टँडवर उतरताना बाईला मीच उतरवलं. खाली पाय टेकल्यावर ती म्हणाली, "मेहरबानी."

स्टेशनात माणसं तुरळक. एकाआड एक खुर्चीवर फुल्या मारलेल्या. लिफ्टचं बटण तिनं कोपरानं दाबलं. वर फलाटावर आलो, गाडी आली, दारं उघडली आणि सवयीनं माझा हात तिच्या काखेत गेला.

"सोड," ती म्हणाली.

मी सोडला. तिनं मांडीवर तळहात दाबला आणि पाय पुढे टाकला. फलाट आणि गाडी एकाच पातळीला. ती घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावी तशी आत गेली. कुणी पाहिलं नाही, कुणी जागा दिली नाही, कुणाला भाऊ म्हणावं लागलं नाही. मी पाहत राहिले. दारं बंद व्हायची पिपाणी वाजली तशी मी डोक्यावरचं पोतं सावरून घाईनं निघाले, आणि सोळा वर्षांच्या सवयीनं पाय चांगला दीड हात वर उचलला. पायरी होतीच कुठं? पाय हवेतून धाडकन खाली आला, मी पोत्यासकट पुढे कलंडले, लोणच्याची बरणी कानाशी खडखडली.

बाईनं आतून दांडा धरला होता. दुसरा हात तिनं माझ्यापुढे केला.

"हात देऊ का?" ती म्हणाली. डोळे मास्कच्या वर हसत होते.

मी तो धरला. तिनं मला आत ओढलं आणि शेजारच्या दांड्याला उभं केलं. दारं लागली. मला वाटलं आता ती हात सोडेल. तिनं ओढणीचा पदर आमच्या हातांवर टाकला आणि खाली माझा पंजा धरला. पाच. सोडला, पुन्हा धरला. दहा. पुन्हा.

"काकाले हाच भाव सांगतलता," ती म्हणाली.

आता त्या बिल्डिंगमधल्या घरांचे भाव बाईनं घेतलं त्याच्याही वर गेलेत. दलालाच्या कागदावर स्टेशन पुन्हा लाल अक्षरात आलंय आणि तो व्यापारी काकाला भेटला की चुकचुकतो, असं काका सांगतो. असेल. मी त्या दिवशी ओढणीखाली मोजत होते. पंधरा, वीस, पंचवीस. घट्ट्याचा तळहात माझी बोटं धरत होता, सोडत होता, पुन्हा धरत होता. पन्नासपर्यंत मी नीट मोजलं. पुढचं स्टेशन आलं, माणसं चढली, दारं लागली, ती धरतच होती, आणि मी मोजणं सोडून दिलं.